छातीत कळ, बाहेर साथ: हृदयविकाराच्या झटक्याविषयी वाचकांचे प्रश्न

करोनाच्या साथीत ज्यांच्या घरी हृदयविकाराचा झटका आला, त्यांनी आपले अनुभव आणि मनात राहिलेल्या शंका लिहून पाठवाव्यात, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. उपचार बहुतेक ठिकाणी मिळण्याजोगे होते, मात्र दुखणे सुरू झाल्यापासून ईसीजी निघेपर्यंतचा वेळ कुठे भीतीने, कुठे गैरसमजाने आणि कुठे कागदपत्रांनी खाल्ला. पुढची साथ करोनाची असो, फ्लूची असो वा आणखी कशाची, हा वेळ वाचवण्याचा प्रश्न तसाच राहणार आहे, म्हणून उत्तरांत मी त्यावरच अधिक भर दिला आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न: एप्रिल २०२०मध्ये माझ्या वडिलांना, त्यांचे वय तेव्हा ६१ होते, पहाटे छातीवर दडपण आल्यासारखे झाले आणि दरदरून घाम फुटला. शेजारच्या गल्लीत करोनाचा रुग्ण सापडल्याने परिसर बंद केला होता आणि रुग्णालयात गेलो तर तिथेच लागण होईल, अशी घरात सर्वांना धास्ती होती. पित्त असेल असे समजून जिरेपाणी दिले. दुपारपर्यंत दुखणे थांबलेही. तिसऱ्या दिवशी धाप लागली म्हणून नेले, तेव्हा मोठा झटका येऊन गेल्याचे कळले. आता हृदयाचे पंपिंग ३० टक्के आहे. आम्ही त्याच पहाटे गेलो असतो, तर फरक पडला असता का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: बहुधा पडला असता. हे मी आपल्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण त्या आठवड्यांत आपल्यासारखाच निर्णय जगभरातल्या हजारो घरांनी घेतला होता. पण प्रश्न सरळ विचारला आहे, तेव्हा उत्तरही सरळ द्यायला हवे.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि धमनी बंद होते, तेव्हा त्या धमनीवर अवलंबून असलेला स्नायू एकाएकी मरत नाही. साधारण अर्ध्या तासानंतर आतल्या थरापासून मरायला सुरुवात होते आणि पुढच्या काही तासांत हे नुकसान बाहेरच्या थरापर्यंत पसरत जाते. पहिल्या दोन-तीन तासांत धमनी उघडली तर स्नायूचा मोठा भाग वाचतो, सहा तासांनंतर वाचवण्यासारखे बरेच कमी उरते, आणि बारा तास उलटल्यावर उपचारांचा हेतू स्नायू वाचवण्यापेक्षा गुंतागुंत आवरण्याकडे वळतो. दुपारी वडिलांचे दुखणे थांबले, याचा अर्थ धोका टळला असा घरच्यांनी घेतला. काही रुग्णांत गुठळी आपोआप विरघळते म्हणून वेदना थांबते हे खरे आहे, परंतु ज्या स्नायूतून वेदना येत होती तोच मेला, तरीही वेदना थांबते. या दोहोंतला फरक घरी बसून कळणे शक्य नसते.

त्या काळातले जगभरातले आकडे पाहिले, की हे दुखणे किती जणांनी अंगावर काढले असेल याची कल्पना येते. इंग्लंडमध्ये २०१९ साली हृदयविकाराच्या तीव्र त्रासासाठी आठवड्याला सरासरी ३,०१७ रुग्ण दाखल होत होते. मार्च २०२०च्या अखेरीस ही संख्या १,८१३वर आली. इटलीत १२ ते १९ मार्च २०२० या आठवड्यात ५४ रुग्णालयांतील झटक्याचे दाखल रुग्ण आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्याच्या तुलनेत ४८.४ टक्क्यांनी घटले. जे आले त्यांच्यापैकी, धमनी पूर्ण बंद होऊन येणाऱ्या मोठ्या झटक्याच्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण ४.१ टक्क्यांवरून १३.७ टक्क्यांवर गेले. भारतात कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने १८७ रुग्णालयांतून माहिती गोळा केली, तेव्हा टाळेबंदीच्या काळात झटक्याचे दाखल रुग्ण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. हाँगकाँगमधील एका छोट्या पाहणीत, वेदना सुरू झाल्यापासून डॉक्टरपर्यंत पोहोचण्याचा मध्यम कालावधी आधीच्या वर्षीच्या ८२.५ मिनिटांवरून ३१८ मिनिटांवर गेला होता. त्या पाहणीत रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे आकड्यावर फार भार देऊ नये, पण रुग्णालयात पोहोचल्यानंतरच्या विलंबापेक्षा घरी झालेला विलंब मोठा होता, ही तिथली नोंद आपल्याकडच्या अनुभवाशी जुळते.

झटके खरोखरच कमी झाले होते का, अशी शंका कोणी घेईल. धावपळ आणि हवेतले प्रदूषण कमी झाल्याने थोडी घट झाली असेलही. मात्र इटलीच्या लोम्बार्डी प्रांतातील लोदी, क्रेमोना, पाविया आणि मांतोवा या चार जिल्ह्यांत साथीच्या पहिल्या ४० दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या ३६२ घटना नोंदल्या गेल्या, ज्या आदल्या वर्षी त्याच काळात २२९ होत्या. त्यांतल्या बऱ्याच करोनामुळे झाल्या असतील, सर्वच नव्हे. रुग्णालयात न पोहोचलेले काही रुग्ण घरीच दगावले, हे मानण्याला इतका आधार पुरेसा आहे. माझ्या मते सरकारी संदेशांतली मोठी उणीव इथेच होती. ‘घरीच राहा’ हे दिवसातून अनेकदा ऐकवले गेले, पण छातीत दुखले, तोंड वाकडे झाले किंवा बाळंतपणाच्या कळा आल्या तर तत्काळ बाहेर पडा, हे त्याच वाक्याला जोडून तितक्याच वेळा सांगायला हवे होते.

आपल्या वडिलांसाठी आजही करण्यासारखे पुष्कळ आहे. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर टाकते ते प्रमाण, कमी असणाऱ्यांसाठी आता चार गटांतली औषधे एकत्र दिली जातात, त्यांत मूळची मधुमेहावरची समजली जाणारी ग्लिफ्लोझिन गटातली गोळीही येते. ही चारही औषधे त्यांना सोसतील त्या मात्रेत सुरू आहेत का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. किमान तीन महिने पूर्ण उपचार घेऊनही पंपिंग ३५ टक्क्यांच्या वर जात नसेल, तर हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यू येऊ नये म्हणून छातीत बसवण्याच्या आयसीडी यंत्राविषयी चर्चा करणे योग्य ठरते.

प्रश्न: मला १२ वर्षे मधुमेह आहे, वय ५४. साथीच्या दुसऱ्या लाटेत तीन दिवस ताप होता, नंतर धाप लागू लागली, जबडा आणि डावा खांदा जड वाटू लागला. ऑक्सिमीटर ९७ दाखवत होता, त्यामुळे घरचे निर्धास्त होते. छातीत दुखत नव्हते. शेवटी ईसीजी काढला तेव्हा झटका निघाला. करोना आणि झटका यांतला फरक घरच्या घरी ओळखायचा कसा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: ओळखण्याचा प्रयत्नच करू नये, असे मी सुचवीन. हे काम दहा मिनिटांत निघणाऱ्या ईसीजीचे आहे. रक्तात प्राणवायू किती आहे, एवढेच ऑक्सिमीटर सांगतो, धमनी उघडी आहे की बंद हे तो सांगू शकत नाही. उलट धाप लागते आहे आणि ऑक्सिमीटर मात्र चांगला आकडा दाखवतो आहे, अशी स्थिती असेल तर धापेचे कारण फुप्फुसांऐवजी हृदयात असण्याची शंका अधिक घ्यायला हवी. साथीच्या दिवसांत या साध्या यंत्राने अनेकांचे प्राण वाचवले, पण त्याच्या आकड्यावर लोकांनी त्याच्या कुवतीबाहेरचा विश्वास ठेवला.

मधुमेह असलेल्यांत, वयस्कर माणसांत आणि बऱ्याच स्त्रियांत झटका छातीतल्या कळेशिवाय येतो. एकाएकी लागलेली धाप, विनाकारण फुटलेला गार घाम, मळमळ, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जडपणा आणि आयुष्यात कधी आला नसेल असा थकवा, ही त्यांची लक्षणे असतात. करोनाच्या आणि फ्लूच्या आजारातही धाप आणि थकवा असतोच, त्यामुळे साथीत ही लक्षणे सहज साथीच्या खात्यावर टाकली जातात. आपल्या बाबतीत दोन्ही आजार एकत्र असणेही अगदी शक्य होते.

डॉक्टरांनाही यात अडचण येते. करोनात हृदयाच्या स्नायूला सूज येऊन ईसीजी झटक्यासारखा दिसू शकतो आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे ट्रोपोनिन हे प्रथिनही वाढू शकते, म्हणून अशा वेळी खाटेजवळ इकोकार्डिओग्राफी (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाचा कोणता भाग हलत नाही ते पाहिले जाते. मनगटावरच्या घड्याळात निघणाऱ्या ईसीजीवर मात्र विसंबू नये. तो हृदयाची लय एका कोनातून पाहतो, झटका शोधण्यासाठी बारा कोनांतून काढलेला आलेख लागतो.

प्रश्न: आमचे गाव देवगड तालुक्यात. टाळेबंदीत माझ्या थोरल्या भावाला झटका आला. कोल्हापूरला न्यायचे तर घाट, गोव्याला न्यायचे तर सीमेवर अडवतील अशी भीती. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले आणि नंतर पुढे पाठवले. नातेवाईक अजून म्हणतात, की थेट अँजिओप्लास्टी व्हायला हवी होती, इंजेक्शन म्हणजे दुय्यम उपचार. हे खरे आहे का? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर: आपल्या भावाला दिलेला उपचार योग्यच होता, आणि तो देणाऱ्या डॉक्टरांनी त्या दिवसांत धाडस आणि विवेक दोन्ही दाखवले.

ईसीजीवर मोठ्या झटक्याचे निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी, म्हणजे बारीक नळी आत नेऊन फुग्याने बंद धमनी उघडणे, होणार असेल, तर तीच अधिक चांगली, याविषयी हृदयरोगतज्ज्ञांत दुमत नाही. दहांतल्या नऊहून अधिक रुग्णांत ती धमनी पूर्ण मोकळी करते आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका इंजेक्शनपेक्षा कमी असतो. पण या वाक्यातला महत्त्वाचा भाग ‘१२० मिनिटांच्या आत’ हा आहे. देवगडहून निघालेली रुग्णवाहिका, घाटरस्ता, नाक्यावरची तपासणी, मोठ्या रुग्णालयाच्या दारातली करोनाची चाळणी, कॅथलॅबमधल्या (जिथे अँजिओप्लास्टी होते त्या विभागातल्या) कर्मचाऱ्यांनी संरक्षक पोशाख चढवण्यात जाणारा वेळ आणि आधीच्या रुग्णानंतर लॅब निर्जंतुक करण्यात जाणारा वेळ, हे सारे मिळवले तर दोन तास सहज मागे पडतात. जिथे असे होणार हे दिसते आहे, तिथे इंजेक्शन लगेच द्यावे हा नियम साथीच्या आधीपासूनचाच आहे. साथीने त्या नियमाखाली येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढवली, इतकेच.

२०२०च्या सुरुवातीला चीनमधल्या तज्ज्ञांनी संसर्ग टाळण्यासाठी इंजेक्शनला अग्रक्रम दिला. अमेरिकेतल्या संस्थांनी, जिथे वेळेत आणि सुरक्षितपणे होऊ शकते तिथे अँजिओप्लास्टीच प्रथम ठेवली. मला व्यक्तिशः दुसरी भूमिका अधिक पटते, कारण इंजेक्शन दिले तरी अतिदक्षता विभागातला रुग्णाचा मुक्काम काही टळत नाही आणि संसर्गाचा धोकाही नाहीसा होत नाही. पण ती भूमिका मुंबई-पुण्याच्या रुग्णाला लागू पडते, देवगडच्या नव्हे.

या इंजेक्शनांत टेनेक्टेप्लेस हे रुग्णाच्या वजनानुसार एकाच वेळी शिरेतून देता येते, त्यामुळे लहान रुग्णालयात किंवा सुसज्ज रुग्णवाहिकेतही ते देणे सोपे असते. स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त आहे, पण ते अर्ध्या ते एक तासात सलाइनमधून द्यावे लागते आणि एकदा दिल्यावर शरीरात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होत असल्याने पुन्हा देऊ नये. दोन्हींचा उपयोग पहिल्या तीन तासांत सर्वाधिक आणि बारा तासांपर्यंत कमी होत जाणारा असतो. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेला असणे, नुकताच पक्षाघात किंवा डोक्याला मार बसलेला असणे, चालू रक्तस्राव किंवा आटोक्यात न येणारा रक्तदाब असेल तर ते देता येत नाही. ईसीजीत ‘एसटी’ हा भाग वर उचललेला दिसत नाही अशा झटक्यातही ते देत नाहीत, कारण तिथे फायद्यापेक्षा अपाय जास्त होतो.

इंजेक्शन दिले म्हणजे काम संपले असे समजून काही कुटुंबे रुग्णाला चार-पाच दिवस तिथेच ठेवतात, हे चुकीचे आहे. इंजेक्शननंतर साठ ते नव्वद मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढून धमनी उघडल्याची चिन्हे पाहायची असतात. ती दिसली नाहीत, वेदना कायम राहिली तर तातडीने कॅथलॅब असलेल्या ठिकाणी न्यावे लागते, आणि सर्व ठीक दिसले तरी पुढच्या तीन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी (धमन्यांचे चित्र घेणारी तपासणी) व्हावी अशी अपेक्षा असते. आपल्या शेजारच्या गोव्यात याच तत्त्वावर २०१८पासून ‘स्टेमी गोवा’ प्रकल्प चालू आहे (‘स्टेमी’ म्हणजे ईसीजीत ‘एसटी’ वर उचललेला दिसतो तो मोठा झटका). त्यात लहान आरोग्य केंद्रांवर काढलेला ईसीजी तज्ज्ञांकडे ऑनलाइन जातो, निदान पक्के झाले की इंजेक्शन तिथेच मोफत दिले जाते आणि रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पुढच्या उपचारांसाठी पाठवला जातो. साथीपूर्वीच अशी घडी बसलेली असणे किती मोलाचे असते, हे कोकणातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात हे इंजेक्शन शिल्लक आहे का आणि रात्री ईसीजी निघतो का, हे प्रश्न ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीपुढे शांततेच्या काळातच विचारले गेले पाहिजेत.

प्रश्न: माझ्या सासूबाईंना झटका आला तेव्हा पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाने करोनाचा अहवाल आणल्याशिवाय दाखल करून घेणार नाही, असे दारातच सांगितले. दुसऱ्या रुग्णालयात जाईपर्यंत दीड तास गेला. असे करण्याचा त्यांना अधिकार होता का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: नव्हता. जिवाला धोका असलेल्या रुग्णावर आधी उपचार करणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली स्पष्ट केले आहे. १९९६ साली, रेल्वेतून पडून जखमी झालेल्या आणि कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलेल्या एका मजुराच्या प्रकरणात, सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा राज्यघटनेच्या कलम २१मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असेही न्यायालय म्हणाले. साथीच्या काळातही एप्रिल २०२०च्या अखेरीस केंद्रीय आरोग्य सचिवांनी राज्यांना पत्र लिहून, आवश्यक उपचारांपूर्वी चाचणीचा आग्रह धरणाऱ्या खासगी रुग्णालयांबद्दल नाराजी नोंदवली होती.

त्या दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या महिन्यांत संरक्षक पोशाखांचा तुटवडा होता आणि सहकारी आजारी पडताना ते पाहत होते. पण या भीतीवरचा तोडगा वैद्यकशास्त्राने लगेचच सांगितला होता: तातडीचा प्रत्येक रुग्ण करोनाबाधितच आहे असे गृहीत धरायचे, एन-९५ मास्क आणि पोशाख घालून त्याच्यावर उपचार सुरू करायचे आणि नमुना त्याच वेळी घ्यायचा. आरटीपीसीआरचा अहवाल यायला तेव्हा अनेक तास, कधी एक-दोन दिवस लागत. त्यासाठी थांबणे म्हणजे उपचार नाकारणेच होय.

पुन्हा असा प्रसंग आला तर दारात वाद घालण्यात वेळ घालवू नये. “ईसीजी इथे आत्ता काढा, नकार असेल तर तो लिहून द्या,” एवढे ठामपणे म्हणावे. ईसीजीत झटका दिसल्यावर परत पाठवणे कोणत्याही डॉक्टरला अवघड जाते, आणि पाठवलेच तरी पुढच्या रुग्णालयाला तो ईसीजी मोबाइलवर आधी पाठवता येतो. तक्रार नंतर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी. खर्चाच्या भीतीने थांबणाऱ्यांसाठी हेही सांगतो, की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे, आणि साथीच्या काळात मे २०२०मध्ये ही योजना राज्यातल्या सर्व रहिवाशांसाठी खुली केली गेली होती.

प्रश्न: डिसेंबर २०१९मध्ये माझ्या यजमानांना स्टेंट बसवला होता. टाळेबंदीत डॉक्टरांचा दवाखाना बंद, चिठ्ठी जुनी, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या खंडल्या. त्यातच, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी करोना बळावतो असा संदेश फिरत होता, त्यामुळे त्याही त्यांनी सोडल्या. मे महिन्यात दुसरा झटका आला. यांचा संबंध असेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: पहिल्या गोष्टीचा संबंध असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. स्टेंट ही धातूची जाळी आहे आणि तिच्यावर शरीराचे स्वतःचे अस्तर चढेपर्यंत तिच्यात गुठळी होण्याचा धोका राहतो. म्हणून झटक्यानंतर स्टेंट बसवलेल्या रुग्णाला अॅस्पिरिन आणि त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक, अशा दोन गोळ्या साधारण वर्षभर घ्याव्या लागतात. पहिल्या सहा महिन्यांत त्या डॉक्टरांना न विचारता थांबवणे अत्यंत धोक्याचे असते. दवाखाना बंद होता ही अडचण खरी, पण टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने दूरध्वनीवरून सल्ला आणि चिठ्ठी देण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली होती. जुने रुग्ण आपल्या डॉक्टरांकडून मोबाइलवर नवी चिठ्ठी मिळवू शकत होते. दुर्दैवाने हे फार थोड्या रुग्णांपर्यंत पोहोचले.

रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दलचा संदेश एका तर्कावर आधारलेला होता. करोनाचा विषाणू पेशीत शिरताना एसीई-२ या प्रथिनाचा आधार घेतो आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे त्याच व्यवस्थेवर काम करतात, म्हणून ती घातक ठरतील अशी शंका होती. ब्राझीलमध्ये करोनाने दाखल झालेल्या ६५९ रुग्णांवर याची रीतसर चाचणी झाली. निम्म्यांची ही औषधे थांबवली, निम्म्यांची चालू ठेवली. थांबवण्याने काहीही लाभ झाला नाही.

साथीत तापासाठी हृदयरुग्णांनी पॅरासिटामॉल घ्यावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी झटक्याचा धोका वाढतो. करोनावरच्या ज्या गोळ्यांत रिटोनाव्हिर असते, त्या टिकाग्रेलॉर, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या काही स्टॅटिन गोळ्या यांच्या परिणामात फेरफार करतात, त्यामुळे नवा कोणताही उपचार सुरू करताना चालू औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी.

प्रश्न: साथीच्या काळात रस्त्यात कोणी कोसळले तर छाती दाबून सीपीआर द्यावा का? लागण होईल ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: द्यावा. तोंडाने श्वास देण्याची गरज नाही. रुग्णाच्या नाकातोंडावर रुमाल किंवा मास्क टाकावा, स्वतः मास्क लावावा, दुसऱ्याला १०८ला फोन करायला सांगावे आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबत राहावे. आपल्याला लागण होण्याची शक्यता असते, पण त्या माणसाला कोणी हात लावला नाही तर त्याचा मृत्यू जवळजवळ निश्चित असतो.

प्रश्न: आमच्या तालमीतल्या एका तरुणाचा अचानक मृत्यू झाला. लोक म्हणतात लशीमुळे. लस घ्यावी की नाही, हेच कळेनासे झाले आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: आपल्या मित्राच्या मृत्यूचे कारण शवचिकित्सेशिवाय मी सांगू शकत नाही, आणि इतर कोणीही सांगू नये. मात्र देशात या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयोगटातल्या, वरवर निरोगी असलेल्या ७२९ जणांच्या अचानक मृत्यूंची तुलना २,९१६ जिवंत व्यक्तींशी केली आणि निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध केले. लशीने अशा मृत्यूचा धोका वाढल्याचे दिसले नाही, उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी होत्या त्या अशा: करोनाने पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास असणे, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अतिमद्यपान किंवा अतिश्रमाचा व्यायाम. तालमीतल्या तरुणांनी शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्यावे, विशेषतः तापातून उठल्यावर लगेच पूर्ण जोर-बैठकांवर जाऊ नये. काही लशींनी क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज किंवा रक्तात गुठळ्या झाल्याच्या नोंदी आहेत, हे लपवण्याचे कारण नाही, पण संसर्गाने होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे आहे.

हे करोनापुरतेही नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या २०१८च्या अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत झटक्याचा धोका सुमारे सहापट आढळला. संसर्गाने शरीरात दाह वाढतो, रक्त गोठण्याकडे झुकते, नाडी जलद होते, आणि आधीच अर्धवट अरुंद झालेल्या धमनीला हे झेपत नाही. झटका येऊन गेलेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांवरच्या दुसऱ्या एका चाचणीत फ्लूची लस घेतलेल्यांत वर्षभरातले मृत्यू ४.९ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर आले. एवढ्या साध्या आणि स्वस्त उपायाचा इतका लाभ आमच्या शास्त्रात फारसा पाहायला मिळत नाही, तरी आपल्याकडे हृदयरुग्णांना ही लस क्वचितच सुचवली जाते.

प्रश्न: मी दुबईत असतो, आई-बाबा डोंबिवलीत एकटे राहतात. दोघेही सत्तरीपुढचे, बाबांची बायपास झालेली. पुन्हा साथ आली आणि विमाने बंद झाली, तर आधीपासून काय तयारी ठेवावी? (एक वाचक, दुबई)

उत्तर: सर्वांत आधी ठिकाण पक्के करावे. घरापासून जवळ, चोवीस तास कॅथलॅब चालू असलेली दोन रुग्णालये निवडावीत, कारण साथीत एखादे रुग्णालय पूर्णपणे साथीच्या रुग्णांसाठी राखून ठेवले जाऊ शकते किंवा कर्मचाऱ्यांना लागण झाल्याने काही दिवस बंद होऊ शकते. आधी जाऊन रात्री अँजिओप्लास्टी होते का ते विचारावे. बाहेर फलक लावलेला असतो, पण रात्रीचा तज्ज्ञ बोलावून आणावा लागतो, असे प्रकार असतात. नेणार कोण हेही ठरवावे. १०८ची रुग्णवाहिका विनामूल्य येते आणि तिच्यात डॉक्टर असतो, पण साथीत ती उशिरा येऊ शकते, म्हणून त्याच इमारतीतल्या, मध्यरात्री गाडी काढेल अशा दोन शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवावे. झटक्याची शंका असताना बाबांनी स्वतः गाडी चालवू नये आणि जिनेही उतरू नयेत, खुर्चीत बसवून खाली न्यावे.

घरात अॅस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची मात्रा ठेवावी. अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल, तर शंका येताच ती चावून खाल्ल्यास उपयोग होतो. हे बाबांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्यावे. जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेटची गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितली असेल तरच आणि बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) गटातले औषध घेणाऱ्यांसाठी ती जिवावर बेतू शकते.

एका प्लास्टिकच्या पिशवीत बायपासच्या कागदांची प्रत, चांगल्या दिवशी काढलेला एक ईसीजी, औषधांची यादी, आधार आणि विम्याची किंवा योजनेची कार्डे, लसीकरणाची नोंद आणि काही मास्क दाराजवळ ठेवावेत. चांगल्या दिवसाचा ईसीजी विशेष महत्त्वाचा असतो, कारण बायपास झालेल्यांचा आलेख मुळातच वेगळा असू शकतो आणि जुना समोर असला की नवा बदल डॉक्टरांना क्षणात दिसतो. औषधे महिनाभराची अधिक असावीत. रुग्णालयाला संमती आणि पैसे दोन्हींसाठी निर्णय घेणारा माणूस लागतो, म्हणून डोंबिवलीतल्याच एखाद्या नातेवाइकाला तो अधिकार आहे हे आई-बाबांनी स्वतः लिहून ठेवावे आणि अनामत रक्कम तिथूनच भरता येईल अशी सोय आपण करून ठेवावी.

आणि दुखणे सुरू झाल्यावर आई-बाबांनी आपल्याला फोन करून काय करू असे विचारण्यात वेळ घालवू नये, हे त्यांना आजच सांगून ठेवावे. आधी रुग्णवाहिका किंवा शेजारी, मग रुग्णालय, आणि आपल्याला फोन ईसीजी निघाल्यावर, शेजाऱ्याने करायचा.